फोटोवरून कोळ्याची प्रजाती ठरत नाही म्हणतात; मग मायक्रोस्कोपखाली नेमकं काय बघायचं?

गगनबावड्याच्या वाटेवर भाताच्या खाचरात सापडलेला तुमचा कोळी पार्डोसा (लांडगा कोळ्यांचा एक गट, ज्यात अनेक प्रजाती येतात) वाटतो, पण त्यातला कुठला, हा प्रश्न आहे. कूळ डोळ्यांवरून कळतं: पुढे चार बारीक, वर दोन टपोरे, मागे आणखी दोन, म्हणजे लांडगा कोळी. प्रजातीसाठी मात्र रंग आणि पट्टे बाजूला ठेवा. जननेंद्रियंच बघावी लागतात, तीही प्रौढ कोळ्याची.

नराचं जननेंद्रिय म्हणजे पाल्प, तोंडाशेजारचा पायासारखा आखूड अवयव; त्याचं टोक फुगीर असतं. ते गुळगुळीत दिसलं तर अजून एक कात टाकायची राहिली आहे. त्याच्यावर डोळे फोडू नका. प्रौढात तिथे आकडे आणि काटे स्पष्ट दिसतात. मादीत पोटाखाली, श्वसनाच्या दोन फटींच्या मधोमध, एपिगाइन नावाची कडक, गडद चकती असते; तेच मादीचं बाहेरून दिसणारं जननेंद्रिय.

95 टक्के इथेनॉल 74 मिली घेऊन डिस्टिल्ड पाण्याने 100 मिली करा, साधारण 70 टक्के होतं. कोळी त्यातच बुडवून बघायचा. वर काढला की ओल्या केसांच्या चमकेने काही दिसत नाही. वाटीत धुतलेली बारीक वाळू घालून कोळी तिच्यात टेकवा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: पाल्प थोडा जरी कलला तरी काट्याचा आकार वेगळा दिसतो आणि शोधनिबंधातल्या चित्राशी जुळत नाही. खालून आणि बाहेरच्या बाजूने, दोन्हीकडून बघा. चित्रं बहुधा डाव्या पाल्पची असतात. तुमच्याकडे उजवा असेल तर आरशातली प्रतिमा धरा. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग या कोळ्यांच्या ऑनलाइन सूचीवर मोफत नोंदणी केली की मूळ शोधनिबंध मिळतात.

एपिगाइन वरून सारखीच दिसली तर आतल्या शुक्राणू-पिशव्या आणि नळ्या बघाव्या लागतात. इन्सुलिनच्या सुईने कडेकडेने कापून ती सोडवा आणि लवंग तेलात ठेवा. ऊती पारदर्शक होतात. 10 टक्के कॉस्टिक पोटॅशने मांस विरघळून जास्त स्वच्छ दिसतं, पण गरम करायची घाई केली तर पातळ नळ्या चुरगळतात. आतलं बघायला 100 पट तरी मोठं करणारा, कॉलेजात असतो तसा कंपाउंड मायक्रोस्कोप लागतो. तो नसेल तर शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारून बघा.

कापलेला भाग त्याच कोळ्याच्या बाटलीत, छोट्या नळीत ठेवा. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली; बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. राधानगरी अभयारण्यातून मात्र वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही कोळी उचलू नका.