‘नवीन येतंय म्हणे’ : थांबून राहिलेल्यांची प्रश्नोत्तरे

या खेपेच्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच वाक्य आहे : ‘नवीन मॉडेल येतंय म्हणे, थांबू का?’ ‘म्हणे’ प्रत्येकात आहे. कोण म्हणे, कुठे म्हणे, हे एकातही नाही. एडिटिंग, ध्वनिमुद्रण, थ्रीडी, आर्किटेक्चर अशी संगणकाला घाम फोडणारी कामं करणाऱ्यांची ही पत्रं आहेत. म्हणून आजची जागा त्यांनाच.

प्रश्न : मॅक स्टुडिओ (ॲपलचा छोटा डेस्कटॉप) ३६ जीबी मेमरीचा घेतला तर दोन वर्षांनी मेमरी वाढवता येईल का? दुकानदार म्हणतो, ‘होऊन जाईल.’ (छत्रपती संभाजीनगर)

होणार नाही. मेमरी चिपबरोबरच कायमची बसवलेली असते. लागेल तेवढी घेतानाच घ्या, आणि ‘होऊन जाईल’ हे त्या दुकानदाराला बिलावर लिहून द्यायला सांगा.

प्रश्न : एक डीलर २०१९चा मॅक प्रो टॉवर (ॲपलचा मोठा डेस्कटॉप), २८ कोअरचा, मूळ किमतीच्या निम्म्यात देतो आहे. वर चाकंही आहेत. नवा येईपर्यंत हा घेऊन ठेवू का? (ठाणे)

मूळ किंमत हा जुन्या मशीनच्या सौद्यातला सगळ्यात निरुपयोगी आकडा. डीलर तोच आधी सांगतो.

मशीन डिसेंबर २०१९मध्ये जबरदस्त होतं, वाद नाही. दीड टीबीपर्यंत मेमरी, जादा कार्डं बसवायला आठ स्लॉट. पण आत प्रोसेसर इंटेलचा आहे, आणि २०२५मध्ये आलेली ‘टाहो’ ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅक ओएस (मॅकची कार्यप्रणाली), हे ॲपलनेच जाहीर केलं आहे. त्यापुढे काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. मग एकेक प्लगइनवाला (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम बनवणारा) हात वर करील. विंडोज किंवा लिनक्ससाठी हवं असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही.

पाहायला जाल तेव्हा दोन गोष्टी करा. स्वतःचा चालू प्रोजेक्ट डिस्कवर नेऊन तासभर त्यावर चालवा. आणि मशीन पूर्ण पुसून तुमच्या आयडीने सुरू करून दाखवा म्हणावं. कंपन्यांच्या भंगारातून आलेली यंत्रं जुन्या मालकाच्या कुलपात अडकलेली असतात, आणि ते घरी नेल्यावर कळतं. सोबत ओळखीचा तंत्रज्ञ न्या. चाकांचं म्हणाल तर अमेरिकेत त्यांचे ४०० डॉलर वेगळे पडत आणि त्यांना ब्रेकही नव्हते. उतार असलेल्या खोलीत ठेवू नका.

प्रश्न : पुण्यात माहितीपट आणि जाहिरातींचं एडिटिंग करतो. माझ्याकडे २०१३चा काळा, डब्यासारखा मॅक प्रो आहे. फोर-के फुटेज प्रॉक्सी (हलकी, कमी दर्जाची नक्कल) केल्याशिवाय हलत नाही. एक्सपोर्ट रात्री लावून झोपतो. सकाळी कधी झालेला असतो, कधी अडकलेला. मोठ्या टॉवरमध्ये नवी चिप येणार असं एका यूट्यूब चॅनेलवर ऐकल्यापासून थांबलो आहे. दोन वर्षं होत आली. अजून किती थांबावं? (पुणे)

एक दिवसही नाही. आणि आता जरा बसा, कारण ही कथा मी गेली बारा-तेरा वर्षं सांगतो आहे, तरी दर दिवाळीला नवा श्रोता भेटतोच.

जून २०१२मध्ये ॲपलने जुन्या अॅल्युमिनियम टॉवरला किरकोळ डागडुजी करून ‘नवा’ म्हणून विकायला ठेवलं. लोक चिडले. तेव्हा ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी एका ग्राहकाला ईमेलने कळवलं की, पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धात काहीतरी खास येतं आहे. लोक थांबले. मार्च २०१३मध्ये युरोपात जुना टॉवर मिळणंही बंद झालं, कारण पंख्यांच्या संरक्षणाबाबतचे तिथले नवे नियम त्याला पाळता येत नव्हते. म्हणजे युरोपातल्या एडिटरपुढे नवा नाही आणि जुनाही नाही. अखेर १९ डिसेंबर २०१३ला विक्री सुरू झाली ती तुमच्या टेबलावरच्या डब्याची.

त्या डब्याचं दुखणंही समजून घ्या. मधोमध एक त्रिकोणी धातूचा गाभा, वर एकच पंखा, आणि गाभ्याच्या बाजूंना दोन मध्यम ताकदीची ग्राफिक्स कार्डं. पुढे सगळा उद्योग एकाच मोठ्या, तापट कार्डाकडे वळला. तेवढी उष्णता या रचनेला झेपणारी नव्हती, म्हणून कंपनीला त्यात नवं काही घालताच येईना. एप्रिल २०१७मध्ये ॲपलने मोजक्या पत्रकारांना बोलावून हे स्वतः कबूल केलं. नवा टॉवर बनवतो आहोत, पण यंदा नाही, असंही सांगितलं. त्या दिवशी डब्यात बदल झाला तो किमतीचा : सहा कोअरचा २,९९९ डॉलरला, आठचा ३,९९९ला. सव्वातीन वर्षं थांबलेल्यांना एवढाच प्रसाद.

मग तो मघाचा चाकंवाला टॉवर आला डिसेंबर २०१९मध्ये. डब्यानंतर सहा वर्षांनी. ज्यांनी सहा वर्षं दम धरून तो घेतला, त्यांना सहा महिन्यांनी, जून २०२०मध्ये, ॲपलने कळवलं की आम्ही इंटेल सोडतो आहोत. वाट बघण्याचं बक्षीस म्हणतात ते हे.

अजून आहे. स्वतःच्या चिपचा टॉवर जून २०२३मध्ये आला, एम२ अल्ट्रासह. तीच चिप त्याच दिवशी छोट्या मॅक स्टुडिओतही आली, बऱ्याच कमी किमतीत. मार्च २०२५मध्ये एम३ अल्ट्रा निघाली, पण ती स्टुडिओत. मेमरी ५१२ जीबीपर्यंत. टॉवर त्या वेळी एम२ अल्ट्रावर आणि १९२ जीबीवरच राहिला. तुम्ही ज्या दाराकडे डोळे लावून बसलात, त्याच्या शेजारच्या दारातून पाहुणा येऊन गेला.

आता तुमचा हिशेब. महिन्यातून किती रात्री एक्सपोर्ट अडकतो? प्रॉक्सी बनवण्यात दर प्रोजेक्टला किती तास जातात? हे तास तुम्ही ज्या दराने बिल करता त्याने गुणा. दोन वर्षांचा आकडा काढून मगच मला ‘नवं महाग पडेल’ असं लिहा.

यातही माझी झोप उडवते ती वेगळीच गोष्ट. थांबणारा माणूस जुन्या मशीनवर खर्च करत नाही. ‘आता बदलायचंच आहे’ म्हणून बॅकअपची नवी डिस्क घेत नाही, पंखा साफ करत नाही, यूपीएसची बॅटरी बदलत नाही. तुमच्या पत्रात बॅकअपचा शब्दही नाही. अंधेरीतल्या एका स्टुडिओत मी हे पाहिलं आहे : नव्या टॉवरसाठी अडीच वर्षं थांबले, आणि थांबता थांबता एका मालिकेचं मूळ फुटेज असलेली एकुलती डिस्क गेली. रिकव्हरीवाल्याचं बिल नव्या मशीनच्या पाऊण किमतीचं, आणि हाती आलं अर्धं फुटेज. तुमचा डबा मॉन्टेरी या जुन्या आवृत्तीच्या पुढच्या मॅक ओएसवर जात नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर क्लायंटचं काम ठेवणं सोडा. आज संध्याकाळी दोन डिस्क घ्या, सगळं दोनदा उतरवा, आणि त्यातली एक घराबाहेर ठेवा, भावाकडे, सासुरवाडीला, कुठेही. मशीनचं मग बोलू.

थांबणं मला एकाच वेळी पटतं : कंपनीने स्वतः तारीख जाहीर केलेली असते आणि ती आठवड्यांत मोजता येते तेव्हा. यूट्यूबवरच्या तारखा म्हणजे बाजारात तुरी. कोणतं मॉडेल हे मी इथून सांगणार नाही. तुमचा कॅमेरा, कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) आणि सॉफ्टवेअरची यादी घेऊन दोन विक्रेत्यांकडे जा आणि तुमच्याच फुटेजवर चाचणी मागा.

प्रश्न : नाशिकला आर्किटेक्ट आहे. रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स (इमारतींच्या आराखड्यांची आणि थ्रीडीची सॉफ्टवेअर) वापरतो. नवा मॅक येईपर्यंत जुन्या विंडोज १०च्या पीसीवर काढावं का?

ही दोन्ही सॉफ्टवेअर मॅकवर चालतच नाहीत, आणि ॲपलच्या चिपच्या मॅकवर बूट कॅम्पही (मॅकवर विंडोज चालवायची सोय) नाही. तुम्ही कशासाठी थांबला आहात? विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोजचं वर्कस्टेशन घ्या. ग्राफिक्स कार्ड निवडताना सॉफ्टवेअर कंपनीने प्रमाणित केलेल्या कार्डांची यादी पाहा, गेमिंगवाल्या पुतण्याला विचारू नका.

प्रश्न : माझा पणजीत ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आहे. प्रो टूल्स या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची एचडीएक्स कार्डं (ध्वनीचं काम करणारी, संगणकाच्या आत बसणारी) आहेत, म्हणून स्लॉट असलेल्या टॉवरशिवाय पर्याय नाही असं सगळे म्हणतात.

सगळे चुकतात. थंडरबोल्टने (वेगवान केबलने) जोडायचा बाहेरचा डबा मिळतो, त्यात ही कार्डं बसतात आणि मॅक स्टुडिओला जोडता येतात. फक्त आधी ॲव्हिडची (प्रो टूल्स बनवणाऱ्या कंपनीची) सुसंगततेची यादी पाहा : कोणता डबा, कोणती मॅक ओएस, प्रो टूल्सची कोणती आवृत्ती. आणि चालू अल्बम संपल्याशिवाय यातलं काहीही बदलू नका.

प्रश्न : डीलर म्हणतो मार्चअखेरीआधी घ्या, टॅक्स वाचेल. खरं का? (सोलापूर)

अर्धं खरं. व्यवसायासाठी घेतलेल्या संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेल्याला त्या वर्षी २० टक्केच मिळणार, आणि नेमकं हेच डीलर सांगत नाही. जीएसटी १८ टक्के. तो परत वळता होतो की नाही हे तुमच्या नोंदणीवर ठरतं. कोटेशन घेऊन आधी सीएकडे जा, मग डीलरकडे.

प्रश्न : न्यू जर्सीचा दादा येताना तिथून मॅक स्टुडिओ आणतो म्हणतो. आणू देऊ का? (सातारा)

व्होल्टेजची अडचण नाही. अडचण कस्टम्सची आहे : प्रौढ प्रवाशाला ड्यूटीविना एक लॅपटॉप आणता येतो, ही सवलत डेस्कटॉपला लागू नाही. ‘खोक्यातून काढून कपड्यांत गुंडाळून आणतो’ असं दादा म्हणत असेल तर त्याला थांबवा. ड्यूटी धरून हिशेब करा, शिवाय इथल्या नावाचं जीएसटी बिल मिळणार नाही हेही धरा. तरीही स्वस्त पडत असेल, तर भारतातल्या दुरुस्तीबद्दल आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या.

प्रश्न : बारावीत आहे. ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकायचं आहे. घरात आठ जीबीचा लॅपटॉप आहे. बाबा म्हणतात, पुढची चिप आली की मोठं मशीन घेऊ. तोवर काय करू? (सांगली)

ब्लेंडर फुकट आहे. आजच उतरवून घे आणि त्याच लॅपटॉपवर सुरू कर.