दुकानाचे फॉलोअर वाढले, पण गिऱ्हाईक येत नाही. सोशल मीडियावर नेमकं काय करावं?

तुमचं इंदिरानगरला लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे, इन्स्टाग्रामवर फॉलोअरही बऱ्यापैकी आहेत, पण पायरी कोणी चढत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं जुन्या नाशकात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

फॉलोअरचा आकडा आधी डोक्यातून काढा. नागपूरच्या माणसाने रील लाईक केली तर गल्ल्यात काही पडत नाही. तुम्हाला हवीत राणेनगर, पाथर्डी फाटा, सिडको इथली माणसं, जी संध्याकाळी पोरांना गाडीवर बसवून येऊ शकतात. ही मंडळी दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर असतात, म्हणून माझ्या मते पहिला मान व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा. अ‍ॅप फुकट आहे, मालाचा कॅटलॉग त्यातच करता येतो. फक्त एक लक्षात ठेवा: ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा पाठवलेला मेसेज, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. त्यामुळे खरं काम काउंटरवर होतं. बिल करताना म्हणायचं, "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की फोटो टाकतो." न विचारता कोणालाही लिस्टमध्ये घालू नका. आणि रोजचं गुड मॉर्निंग अजिबात नको, लोक सरळ ब्लॉक करतात.

फोटोवर किंमत लिहा. "किमतीसाठी मेसेज करा" हे मला मुळीच पटत नाही. निम्मी माणसं विचारायलाच लाजतात आणि पुढे जातात. आमच्याकडे तांब्याचा फोटो काढताना ट्यूबलाईटचा पट्टा त्यावर चमकतो, म्हणून तो सकाळी उंबऱ्यावर आणून काढतो. शेजारी चहाचा कप ठेवतो, म्हणजे आकार कळतो. किमतीसोबत वजनही लिहितो. तुम्ही वय, साइज आणि कापड लिहा. कापड सुती असेल तर तेही ठळक लिहा, आया तेच आधी बघतात.

रील करायचीच तर काम दाखवा. आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा कल्हईच्या व्हिडिओवर होते. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठतो, कथील लावून कापसाने फिरवलं की काळपट पितळ क्षणात चांदीसारखं होतं. ते बघून लोक आजीची पातेली माळ्यावरून काढून घेऊन येतात, आणि आले की दुकानही बघतात. तुमच्याकडे नव्या मालाची गाठोडी उघडताना किंवा शिवण आतून उलटी करून दाखवताना तेवढंच लक्ष वेधेल. गिऱ्हाइकाच्या मुलांचे फोटो मात्र आई-वडिलांना विचारूनच टाका. बिझनेस अकाउंटवर सिनेमाची गाणी बहुतेक मिळत नाहीत, तेव्हा स्वतःच्या आवाजात बोला. नाशकातल्या माणसाला आपलंच बोलणं जवळचं वाटतं.

गूगल मॅपवरचं दुकानाचं पान आजच तपासा. वेळ, सुट्टीचा वार, पाटीचा समोरून काढलेला फोटो, गाडी कुठे लावायची, एवढं बरोबर हवं. दिवाळीत दुकान उशिरापर्यंत उघडं असेल तर वेळ तिथेही बदला.

पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल, तर इन्स्टाग्रामवर बूस्ट करताना दुकानाभोवतीचे पाच-सहा किलोमीटरच निवडा. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस पैसे लावा, पितृपक्षात हात आखडता घ्या. आलेल्या प्रत्येकाला "कुठे बघितलंत?" असं विचारून वहीत टिपा. पुढच्या वेळी पैसे कुठे लावायचे ते त्या वहीवरूनच ठरवा.