वाचक विचारतात : त्याच तळ्यावर, पुन्हा पुन्हा

घराजवळचं तळं, माळ किंवा टेकडी धरून दर आठवड्याला तिथे कॅमेरा घेऊन जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. अशा फेऱ्यांचा मोठा फायदा हा, की चुकलेला फोटो पुढच्या आठवड्यात त्याच जागी पुन्हा घेता येतो आणि चूक कुठे होती ते पडताळता येतं. म्हणून बहुतेक उत्तरांत काय विकत घ्यावं यापेक्षा पुढच्या फेरीत काय तपासावं हे सांगितलं आहे.

प्रश्न : ७०-३०० मिमी लेन्सने उडत्या बगळ्यांचे फोटो काढतो. शटर १/५०० सेकंद असतो. बहुतेक फोटो धूसर येतात. लेन्स बदलावी का?

आधी धूसरपणा कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा. फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहा. डोकं, चोच स्वच्छ आणि फक्त पंखांची टोकं फरफटलेली असतील, तर शटरचा वेग कमी पडला. संपूर्ण पक्षी एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसत असेल, तर कॅमेऱ्याचा वेग पक्ष्याच्या वेगाशी जुळला नाही. पक्षी मऊ आणि मागची लव्हाळी रेखीव असेल, तर फोकस मागे गेला. आणि फ्रेममध्ये कुठेच काही रेखीव नसेल, कडा पाण्यात हलल्यासारख्या दिसत असतील, तर दोष हवेचा आहे.

पहिल्या दोन दोषांवर उपाय एकच. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, शटर १/२०००, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक) लेन्सच्या सर्वांत मोठ्या उघडीपेक्षा थोडं बंद (एफ/५.६ ची लेन्स असेल तर एफ/७.१ किंवा एफ/८), आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो. बगळा, घार असे मोठे, संथ पंखांचे पक्षी १/१६०० लाही पकडता येतात. लहान पक्ष्याचं उड्डाण १/३२०० च्या खाली सहसा हाती लागत नाही. आयएसओ १६०० किंवा ३२०० झाला म्हणून घाबरू नका. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, फरफटलेला पंख सरळ करता येत नाही.

फोकससाठी सतत फोकस निवडा (काही कॅमेऱ्यांत त्याला एएफ-सी म्हणतात, काहींत एआय सर्व्हो). मागे मोकळं आकाश असेल तर फोकसचा मोठा पट्टा चालतो. मागे झाडी असेल तर फोकस-बिंदूंचा लहान गट घ्या, नाहीतर कॅमेरा फांद्याच पकडत बसतो. पक्षी समोर आल्यावर फोकस करायला जाऊ नका. तो दूर, लहान दिसत असतानाच बटण दाबून धरा आणि सोबत फिरवत आणा.

हवेचा दोष मात्र कोणतीही लेन्स दूर करत नाही. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची गरम आणि थंड हवा मिसळत राहते आणि त्या थरथरीतून आलेला प्रकाश वेडावाकडा वळतो. लांब पल्ल्याच्या फोटोत हे फार जाणवतं. तपासणी सोपी आहे : लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) दूरचा एक स्थिर दगड दहापट मोठा करा. तो स्क्रीनवर लहरत असेल तर त्या दिवशी दूरचे फोटो थांबवा आणि जवळच्या विषयांकडे वळा. सूर्योदयानंतरचे पहिले दीड-दोन तास बहुतेक वेळा स्वच्छ मिळतात. गाडीच्या खिडकीतून फोटो काढणाऱ्यांनी आतली आणि बाहेरची हवा सारख्या तापमानाला येऊ द्यावी; खिडकीतून बाहेर पडणारी हवाही हाच दोष निर्माण करते.

लेन्स तूर्तास तीच ठेवा.

प्रश्न : पांढरा बगळा जळतो आणि शेजारचा पाणकावळा कोळशासारखा काळा येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सोय) किती ठेवावं?

ठरावीक आकडा नाही, आणि तो शोधत बसल्यामुळेच गोंधळ होतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. काळ्या पाण्यावर लहानसा पांढरा बगळा असेल तर मीटर पाण्याला उजळवतो आणि बगळा जळतो; तिथे उणे १ (एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश) लागेल. तोच बगळा उडून उजळ आकाशावर आला की मीटर उलट सगळं काळवंडून टाकतो आणि तिथे अधिक १ लागेल. पक्ष्यावर पडणारं ऊन तेवढंच आहे, फक्त पार्श्वभूमी बदलली.

म्हणून ऊन स्थिर असेल तेव्हा आयएसओ ऑटोही बंद करा आणि तिन्ही आकडे बगळ्यावर बसवून टाका. निरभ्र आकाश, सूर्य बऱ्यापैकी वर आणि तुमच्या पाठीशी असेल तर आयएसओ ४००, एफ/८, १/३२०० इथून सुरुवात करा. एक फोटो काढा आणि जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय चालू ठेवून पाहा. पिसं लुकलुकत असतील तर शटरचा वेग एक-तृतीयांश स्टॉपने वाढवत जा; लुकलुकणं थांबलं की तिथेच राहा. आता बगळा पाण्यावर असो की आकाशात, पिसं नीट येतील. कोवळ्या उन्हात प्रकाश कमी असतो, आयएसओ वाढवावा लागेल. ढग आला की पुन्हा मोजा.

पाणकावळ्यासाठी याच मांडणीपासून एक ते दीड स्टॉप प्रकाश वाढवा. दोघे एकाच फ्रेममध्ये असतील तर बगळा सांभाळा आणि फोटो रॉमध्ये (सेन्सरची सगळी नोंद राखणाऱ्या फाइलमध्ये) काढा. काळ्या पिसांतला तपशील रॉमधून बराच वर आणता येतो. पूर्ण जळलेल्या पांढऱ्यात मात्र नोंदच नसते, त्यामुळे तिथून काही परत येत नाही.

प्रश्न : मी तळ्याकाठी कितीही हळू चालले तरी खंड्या दूरवरूनच उडून जातो. लपण्याचा तंबू घ्यावा का?

तुमच्या प्रश्नात ‘चालले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खंड्याचा पाठलाग करू नका, त्याच्या फांदीची वाट पाहा. तो मासेमारीला ठरलेल्याच जागा वापरतो. पाण्यावर झुकलेली काठी, खुंट, दगड पाहत जा. ज्याच्या खाली पानांवर किंवा दगडावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतील ती नेहमीची बैठक. अशा दोन-तीन जागा दुपारी, पक्षी नसताना, हेरून ठेवा. कोणत्या जागेवर सकाळी तुमच्या पाठीमागून ऊन येतं आणि फांदीच्या मागे किती अंतरावर झाडी आहे हेही पाहा. फांदी आणि झाडी यांच्यात जितकं जास्त अंतर, तितकी पार्श्वभूमी गुळगुळीत.

किती जवळ बसायचं याचा हिशेब असा : लहान खंड्या साधारण १७ सेंमीचा. एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सर आणि ३०० मिमी लेन्स असेल तर ८ मीटरवरून तो फ्रेमच्या उंचीचा सुमारे ४० टक्के भाग व्यापतो, १५ मीटरवरून सुमारे २२ टक्के. म्हणजे १५ मीटरवरही भोवतालासकट छान फोटो होतो. तिथूनच सुरुवात करा. उजाडायच्या आधी जाऊन बसा, कॅमेरा डोळ्याच्या उंचीला ट्रायपॉडवर आधीच लावलेला असू द्या. पक्ष्यांना सर्वांत जास्त खटकते ती हालचाल, विशेषतः हात वर नेण्याची. झाडीत टेकून, आकाशावर आकृती उमटणार नाही असं बसलात तर तंबूविनाही चालतं. दर फेरीला त्याच जागी बसलात तर पक्षी तुमच्याकडे दुर्लक्ष करू लागण्याची शक्यता वाढते.

मोकळ्यावर, चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांकडे मात्र सरकत जावं लागतं. सरळ त्यांच्या दिशेने जाऊ नका. तिरपं, वाकून किंवा बसून पुढे सरका आणि दर चार-पाच पावलांनी थांबा. पक्ष्याने खाणं थांबवून मान ताठ केली की तुम्हीही थांबा. मान खाली गेली, पुन्हा टिपू लागला, तरच पुढे. अंग आक्रसून घेणं, शेपटी झटकणं, उडण्याआधी शीट टाकणं या खुणा दिसल्या तर दोन पावलं मागे या. तो उडाला तर त्याचं खाणं बुडालं आणि तुमचा फोटोही गेला. बरेच पक्षी वाऱ्याच्या समोर तोंड करून उड्डाण घेतात, त्यामुळे वारा आणि ऊन दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर पक्षी तुमच्या दिशेने तोंड करून उडण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट ठामपणे. घरट्यासमोर ठाण मांडून बसू नका आणि आड येणारी पानं, डहाळ्या कधीही तोडू किंवा बांधू नका. तीच पानं अंड्यांवर सावली धरतात आणि शिकाऱ्यांपासून घरटं लपवतात. पक्षीण घाबरून बाहेर राहिली तर अंडी आणि पिल्लं उन्हात तापतात किंवा गारठतात. ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्षी बोलावणंही विणीच्या काळात क्रूरच आहे. तो हद्द राखायला धावून येतो आणि त्याची ताकद अस्तित्वातच नसलेल्या प्रतिस्पर्ध्यावर खर्च होते.

प्रश्न : जवळचे दगड आणि दूरची टेकडी दोन्ही स्पष्ट यावीत म्हणून एफ/२२ वापरतो. तरी सगळंच मऊ येतं.

एफ/२२ मुळेच. इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि बारीक तपशील विरघळतो. एफ/८ ते एफ/११ मध्ये राहा आणि फोकस कुठे ठेवायचा ते शिका. एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८ मिमी आणि एफ/८ असताना २ मीटरवर फोकस केला तर सुमारे १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फुलफ्रेमवर २४ मिमी, एफ/११ असेल तर फोकस १.८ मीटरवर ठेवा. सुमारे ९० सेंमीपासून पुढचं मिळेल. लेन्सवर अंतराचे आकडे नसतील तर तीन पावलांवरच्या दगडावर फोकस करा आणि लगेच मॅन्युअल फोकसवर टाका, म्हणजे तो हलणार नाही. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये आधी जवळचा दगड, मग टेकडीची कड मोठी करून पाहा. टेकडी किंचित मऊ असेल तर फोकस थोडा पुढे न्या.

ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर आणि आयएसओ १०० ही नेहमीची मांडणी. जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हातातला कंप सावरणारी सोय) ट्रायपॉडवर बंद करा. पण वारा असेल तर आयएसओचा हट्ट सोडा : १/८ सेकंदात गवताचे तुरे पुसले जातात, आयएसओ ८०० केल्यास तोच प्रकाश १/६० त मिळतो.

प्रश्न : पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावल्यावर आकाशाचा एकच पट्टा गडद निळा होतो. फिल्टर खराब आहे का?

नाही. आकाशातून येणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण (प्रकाशलहरी एकाच दिशेत कंप पावणं) सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतं. वाइड लेन्समध्ये आकाशाचा इतका मोठा भाग येतो की फरक दिसतोच. आकाश असेल तेव्हा फिल्टर अर्धवट फिरवा किंवा काढून टाका. ओली पानं, ओले खडक, तळ्याचा उथळ काठ यांवरची चकाकी काढण्यासाठी तो जरूर वापरा. तिथे त्याला पर्याय नाही. दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : एकाच झाडाचे वर्षभर दर महिन्याला फोटो काढते आहे. ट्रायपॉड त्याच जागी ठेवूनही फ्रेम जुळत नाही.

‘त्याच जागी’ हे पायाच्या अंदाजाने ठरवलं की वीस-तीस सेंमी फरक पडतोच. पहिल्या फोटोतच दोन रेघा शोधा : एक जवळची, एक दूरची. समजा, जवळच्या खुंटाची उजवी कड दूरच्या टेकडीच्या खाचेला बरोबर टेकलेली आहे. पुढच्या वेळी खाच खुंटाच्या उजवीकडे सरकलेली दिसली तर कॅमेरा उजवीकडे गेला आहे, तो डावीकडे घ्या. डावीकडे सरकली असेल तर उजवीकडे. खुंटाचा माथा टेकडीच्या कोणत्या रेषेला येतो यावरून उंची जुळवा. या दोन खुणा जुळल्या की कॅमेरा डावी-उजवीकडे आणि उंचीला जागेवर आला. हे काम ट्रायपॉडच्या पायांच्या खुणांपेक्षा कितीतरी अचूक होतं, आणि जमिनीत खुंटी ठोकावी लागत नाही. पहिल्या फोटोची छापील प्रत बरोबर ठेवा.

झूम लेन्स असेल तर तिच्या एका टोकालाच काढा, म्हणजे १८-५५ मिमीची असेल तर १८ किंवा ५५. मधलं ३५ मिमी पुन्हा हुबेहूब सापडत नाही. ॲपर्चर दर वेळी तेच ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (फोटोची रंगछटा ठरवणारी सोय) ऑटो न ठेवता ५२०० किंवा ५५०० केल्विनवर बांधा. ऑटोमध्ये कॅमेरा पिवळी पानं निवळायला बघतो आणि ऋतूचा रंगच निघून जातो.

घड्याळात सकाळचे सात वाजले म्हणून प्रकाश सारखा नसतो. सूर्योदयापासून किती वेळाने काढला ते ठरवा, उदाहरणार्थ चाळीस मिनिटांनी. तरीही सूर्य क्षितिजावर उत्तर-दक्षिण सरकत राहतो : २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत वेगाने, तर २१ जून आणि २२ डिसेंबरच्या आसपास जवळजवळ थांबल्यासारखा. त्यामुळे खोडावरची सावली बदलणारच. फक्त पालवी आणि पानगळ दाखवायची असेल तर दर महिन्याला ढगाळ दिवस निवडा. सावलीचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : एसी गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ बसते. यानेच बुरशी लागते का?

थंड काचेवर बाहेरची दमट हवा आली की पाणी सुटतं. कॅमेरा बॅगेतच, चेन बंद ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. शक्य असेल तर शेवटचा अर्धा तास एसी बंद ठेवा. वाफ बसलीच तर पुसू नका आणि लेन्स बदलू नका, आत ओल जाईल.

एकदा वाफ बसली म्हणून बुरशी लागत नाही. ओल टिकून राहिली तर लागते. घरी लेन्स कापडी बॅगेत किंवा चामडी खोळीत ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा डबा, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल पुरतं. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. नारिंगी दाणे गडद हिरवे झाले की ११० ते १२० अंश सेल्सियसला दोन-एक तास तापवून पुन्हा वापरा. निळे दाणे टाळा, त्यांत विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. बुरशीची आम्लं लेन्सवरचा लेप खातात, त्यामुळे जाळं दिसताच लेन्स दुरुस्तीला द्या. तोवर ती इतर लेन्सपासून वेगळी ठेवा.

प्रश्न : दुर्मीळ पक्षी दिसला तर फोटोसोबत जागा लिहावी का?

घरटं, ढोली, रात्रीची निवाऱ्याची जागा असेल तर अजिबात नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसची नोंद राहते आणि सगळी ॲप्स ती पुसत नाहीत. मागे दिसणारा मनोरा किंवा ओळखीचा कडाही जागा सांगून जातो, तो कापा. घरट्याचा फोटो चुकून मिळालाच असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत स्वतःजवळ ठेवा.