पर्जन्यमापक बसवला, पुढे काय?

प्रश्न : आमच्या विद्यापीठाला परिसरातल्या गावांसाठी हवामान बदलाबाबत ठोस काम करायचे आहे. निधी मोजका आहे. परिषद घ्यावी की स्वयंचलित पर्जन्यमापक बसवावेत?

उत्तर : पर्जन्यमापक बसवा, परिषदेची घाई नाही. मात्र सगळा पैसा खरेदीत घालवू नका. यंत्र बंद पडले तर किमान ते कळते. चुकीचे आकडे देऊ लागले तर महिनोन्महिने कळत नाही. नरसाळ्यात पाने अडकतात, आत कोळी जाळे विणतो आणि मुसळधार पावसाच्या दिवशी नोंद शून्य दिसते.

तपासणी सोपी आहे. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल, तर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१४ मिलिलिटर पाणी. नरसाळ्यातले पाणी आतल्या छोट्या वाटीत पडते, ती भरली की पलटते आणि यंत्र ते पलटणे मोजते. ही वाटी दर ०.२ मिलिमीटरला पलटणारी असेल, तर तेवढ्या पाण्यात ती ५० वेळा पलटायला हवी. पाणी अर्धा तास घेऊन संथपणे सोडा. भसकन ओतले तर वाटी पलटतानाचे पाणी मोजणीतून निसटते. अतिवृष्टीतही हेच होते, म्हणून शेजारी हाताने मोजायचा साधा पर्जन्यमापक हवाच. जवळचे झाड ६ मीटर उंच असेल, तर किमान १२ मीटर लांब बसवा. गच्ची टाळा, तिथे वाऱ्याने थेंब बाजूला जातात.

नोंदी तुटतात त्या बहुधा सुट्ट्यांत. विद्यार्थ्यांना या कामाचे श्रेयांक जरूर द्या, पण जबाबदारी कायम नोकरीतल्या तंत्रज्ञाकडे ठेवा. हवामानाची सरासरी ३० वर्षांवर काढतात. तीन वर्षांच्या प्रकल्पाला ते जमणार नाही, विद्यापीठाला जमेल.

प्रश्न : विद्यार्थी गावांत सर्वेक्षण करतात, अहवाल कपाटात जातो. काय बदलावे?

उत्तर : प्रश्नावली छापण्याआधी गावाचा कोणता निर्णय अडला आहे ते विचारा. रस्त्यावर पाणी चढत असेल, तर लांबलचक फॉर्म कशाला? भिंतीवरच्या पुराच्या खुणांची उंची मोजा, शेजारी त्या दिवसाचा आणि आदल्या दोन-तीन दिवसांचा पाऊस लिहा. जमीन आधीच भिजलेली असेल, तर कमी पावसातही पूर येतो. वरच्या गावांतला पाऊसही धरा, नाहीतर उघडीप असताना आलेले पाणी चकवेल. निष्कर्ष गावात वाचून दाखवल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नका.

प्रश्न : हवामान बदलाच्या अभ्यासक्रमासाठी परदेशी तज्ज्ञ हवेतच का?

उत्तर : नाही. अल्पविकसित देशांतल्या विद्यापीठांनी २०१७ साली याच विषयावर आपला संघ उभारला. युगांडाचे मकेरेरे विद्यापीठ त्यात आहे. तुमच्यासारखीच जमीन, पाऊस आणि तुटपुंजा निधी असलेले विद्यापीठ गाठा.