गेम बोर्ड सुरू होत नाही, तेव्हा तो नेमका कुठे अडतो?

जुन्या व्हिडिओ गेम मशीनच्या दुरुस्तीविषयी कोल्हापूर आणि परिसरातून आलेली काही पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातील तपासाचा क्रम बहुतेक सर्व बोर्डांना लागू पडतो.

प्रश्न : माझ्या मामांचे व्हिडिओ गेम पार्लर होते. ते बंद झाल्यावर त्यातील एक मशीन मी जपून ठेवले. पावसाळ्यापूर्वी ते चालत होते. आता सुरू केले की पडद्यावर रंगीत चौकटी आणि तुटकी अक्षरे दिसतात, आणि सेकंद-दीड सेकंदाने सगळे उडून पुन्हा तसेच येते. चित्र सरकत नाही, पण खेळही सुरू होत नाही. मेकॅनिकने बोर्ड गेल्याचे सांगून अनेक खेळ असलेला नवा बोर्ड बसवण्याचा सल्ला दिला आहे. जुना बोर्ड वाचेल का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : वाचण्याची शक्यता चांगली आहे, आणि ती आपल्याच वर्णनातून दिसते. चित्र ठरावीक अंतराने उडून परत येते, याचा अर्थ बोर्ड प्रत्येक वेळी सुरू होतो आणि काही अंतर जाऊन एकाच ठिकाणी अडतो. अशा बोर्डांवर वॉचडॉग नावाचे एक छोटे सर्किट असते. प्रोग्रॅम नीट चालत असेल तर प्रोसेसर या सर्किटकडे ठरावीक वेळात हजेरी लावत राहतो, आणि हजेरी चुकली तर प्रोसेसर भरकटला असे धरून वॉचडॉग त्याला रीसेट करतो. आपल्याला दिसणारी उघडझाप हीच आहे. चित्र सरकत नाही, म्हणजे सिंकचा (चित्र पडद्यावर स्थिर ठेवणारा) सिग्नल आणि त्यामागचा क्रिस्टल (ठरावीक वेगाचे ठोके देणारा भाग) ठीक आहेत. त्यामुळे आता शोध घ्यायचा तो वीजपुरवठा, प्रोसेसर, रॉम (खेळाचा प्रोग्रॅम कायम साठवणाऱ्या चिप), रॅम (तात्पुरती माहिती ठेवणाऱ्या चिप) आणि त्यांना जोडणाऱ्या लहान चिप यांच्यापुरता. ‘बोर्ड गेला’ या निदानात यांपैकी कशाचाच विचार झालेला नाही, म्हणून ते मला मान्य नाही.

सुरुवात नेहमी पाच व्होल्टपासून करावी, आणि हे व्होल्ट एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायच्या) स्क्रूवर न मोजता बोर्डावरच, खेळ जोडलेला असताना मोजावेत. चौदा पायांच्या बहुतेक लॉजिक चिपमध्ये ७ क्रमांकाचा पाय ग्राउंड आणि १४ क्रमांकाचा पाय पाच व्होल्टचा असतो, तेथे मल्टिमीटरच्या पिना टेकवाव्यात. या चिपना किमान ४.७५ आणि कमाल ५.२५ व्होल्ट लागतात. एसएमपीएसवर ५.१ आणि बोर्डावर ४.६ असे दिसले, तर मधले अर्धा व्होल्ट वायरमध्ये आणि कनेक्टरमध्ये खर्ची पडत आहेत. आपल्या मशीनला बहुधा जॅमा पद्धतीचा, म्हणजे गेम मशीनसाठी ठरलेल्या प्रमाणित मांडणीचा, ५६ पिनांचा कनेक्टर असेल. त्यात एका बाजूच्या ३ आणि ४ या आणि त्यांच्या मागच्या सी आणि डी या पिनांवर पाच व्होल्ट येतात. सर्वाधिक करंट येथूनच जात असल्याने याच पिना तापून काळ्या पडतात. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापुरातील बंद खोलीत राहिलेल्या मशीनच्या पिनांवर ओलाव्याचा थर धरणे स्वाभाविक आहे, आणि पावसाळ्यापूर्वी चालणारे मशीन नंतर अडले असेल तर माझा पहिला संशय येथेच जातो.

बोर्डाच्या काठावरील पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने पुसून घ्याव्यात आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवावा. पॉलिश पेपर वापरू नये, कारण त्याने मुलामा निघून जातो आणि पुढील पावसाळ्यात गंज अधिक वेगाने धरतो. कनेक्टर साफ करण्याआधीच एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्ट वाढवण्याची सवय मेकॅनिकांमध्ये फार आहे. ती घातक आहे. पुढे कधीतरी कनेक्टर नीट बसला की वाढवलेले सगळे व्होल्ट थेट चिपवर येतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून तीच पाच व्होल्टची लाइन पुन्हा मोजावी. तेथे पन्नास मिलिव्होल्टहून बरेच अधिक दिसले, तर एसएमपीएसमधील कपॅसिटर सुकले आहेत असे समजावे आणि जुन्या एसएमपीएसच्या दुरुस्तीत न अडकता नवा घ्यावा.

व्होल्ट ठीक असूनही उघडझाप थांबली नाही, तर लॉजिक प्रोब (चिपच्या पायावर सिग्नल खाली, वर की हलता आहे हे दाखवणारे उपकरण) हाती घ्यावा. बोर्डावरील सर्वांत मोठी चिप बहुधा प्रोसेसर असते. ती ४० पायांची झेड-८० असेल तर क्लॉक (प्रोसेसरला चालवणारे ठोके) ६ क्रमांकाच्या आणि रीसेट २६ क्रमांकाच्या पायावर असतो. ६४ पायांची ६८००० असेल तर क्लॉक १५ वर आणि रीसेट १८ वर मिळतो. रीसेटचा पाय चित्राबरोबरच खाली-वर होत असेल, तर वॉचडॉगचे निदान पक्के झाले. तो कायम खालीच राहत असेल तर प्रोसेसरला सुरू होण्याची परवानगीच मिळत नाही, आणि दोष रीसेटच्या सर्किटमध्ये शोधावा लागतो. रीसेट कायम वर असून डेटाच्या पायांवर काहीच हालचाल नसेल, तर क्लॉक पोहोचतो का ते पाहावे.

पुढची पायरी रॉमची. सॉकेटमध्ये बसवलेल्या चिप सर्वप्रथम बोटाने दाबून पाहाव्यात. वर्षानुवर्षे तापणे आणि थंड होणे यामुळे त्या हळूहळू वर सरकतात. त्यानंतर बोर्डाचे स्वच्छ छायाचित्र काढून, चिपवरील खाच कोणत्या दिशेला आहे हे टिपून, चपट्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोके आळीपाळीने थोडी थोडी उचलत एकेक चिप बाहेर काढावी. काळे पडलेले पाय साफ करून चिप परत बसवल्यावर बोर्ड सुरू झाला, असे या कामात वारंवार घडते. तसे झाले नाही, तर प्रोग्रॅमर (चिप वाचण्याचे व लिहिण्याचे यंत्र) असलेल्या जाणकाराकडून प्रत्येक रॉम वाचून घ्यावा आणि त्या खेळाच्या मूळ चेकसमशी (माहितीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी) ताडून पाहावा. एकाच चिपचे दोनदा वाचन करून उत्तर वेगवेगळे आले, तर ती चिप क्षीण झाली आहे हे निश्चित. मूळ माहिती मिळवून ती नव्या २७सी२५६ किंवा तत्सम चिपवर लिहिता येते. वर काचेची खिडकी असलेल्या रॉमवरील स्टिकर निघाला असेल तर तो लगेच झाकावा, कारण अतिनील किरणांनी त्यातील माहिती पुसली जाते.

रॉम निर्दोष निघाले तर रॅमकडे वळावे. अनेक जपानी बोर्ड सुरुवातीलाच स्वतःची तपासणी करतात आणि दोष असलेल्या रॅमपुढे किंवा रॉमपुढे ‘एनजी’ (नो गुड, म्हणजे सदोष) अशी अक्षरे दाखवतात. ती दिसली तर चिपचा क्रमांक टिपून ठेवावा. असा संदेश येत नसेल, तर बोर्ड बंद करून संशयित रॅम चिपवर (बहुधा ६११६ किंवा ६२६४) तशीच चांगली चिप पायाला पाय टेकवून ठेवावी आणि पुन्हा सुरू करावे. चित्रात फरक पडला तर दोष सापडला. न पडल्यास मात्र ती रॅम निर्दोष ठरत नाही, कारण बिघडलेली चिप डेटाची लाइन दाबून धरत असेल तर वरची चांगली चिपही काही करू शकत नाही. शेवटी उरतात प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधील ७४एलएस२४५, ७४एलएस१३८ यांसारख्या लहान चिप. ज्यांच्या इनपुटवर हालचाल आहे पण आउटपुट हलत नाही किंवा अधांतरी राहतो, त्या बदलाव्यात. नवी चिप थेट झाळण्याऐवजी सॉकेट बसवून त्यात घालणे चांगले.

अनेक खेळांचा नवा बोर्ड बसवू नये असे मी आग्रहाने सांगेन. निदान जुना बोर्ड तरी भंगारात देऊ नये. असे बोर्ड आता कोणी बनवत नाही, आणि आज न सापडलेला दोष पुढे अधिक जाणकार हातांना सापडू शकतो. या तपासात पिक्चर ट्यूबच्या मागील बाजूला मात्र हात लावू नये. रंगीत ट्यूबच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या घरात विद्युतदाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये एका कोपऱ्यात निओ जिओचे मशीन आहे. सुरू केल्यावर ‘बॅकअप रॅम एरर’ असा संदेश येऊन ते थांबते. त्याखाली डी०००००, ५५५५ आणि ५५०० असे आकडे दिसतात. बोर्डावरील बॅटरीभोवती हिरवट थर आहे. काय करावे?
– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : आपला बोर्ड स्वतःच बोट दाखवतो आहे. पहिला आकडा मेमरीतील पत्ता, दुसरा तेथे लिहिलेली माहिती आणि तिसरा परत वाचलेली माहिती. लिहिले ५५५५ आणि परत आले ५५००, म्हणजे वरचा अर्धा भाग बरोबर आणि खालचा चुकीचा. बॅकअप रॅमच्या दोन चिप असतात आणि प्रत्येकीकडे अर्धा भाग असतो, त्यामुळे आपला तपास खालच्या भागाच्या चिपपुरता, तिच्या पायांपुरता आणि तिच्याकडे जाणाऱ्या तांब्याच्या रेषांपुरता मर्यादित झाला. दोन्ही भाग चुकीचे असते, तर दोन चिप एकाच वेळी जाणे दुर्मीळ असल्याने मी दोघींना सामाईक असलेल्या लाइन तपासायला सांगितले असते.

१९९० मध्ये आलेल्या निओ जिओ या गेम यंत्रणेच्या अनेक बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट झाळलेली असते. ती फुटून बाहेर येणारा द्राव अल्कधर्मी असतो आणि तो तांबे खातो. बॅटरी प्रथम कापून काढावी. तिच्याविना केवळ हिशेब, सेटिंग आणि घड्याळ जाते. खेळ चालू शकतो. जागा व्हिनेगरने पुसून घ्यावी, मग डिस्टिल्ड वॉटरने व शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. त्यानंतर मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर एकेक रेष तपासावी. वरून अखंड दिसणारी रेष थराखाली तुटलेली असते, आणि बोर्डाच्या आरपार जाणारी बारीक छिद्रे आधी जातात. तुटलेल्या जागी बारीक इन्सुलेटेड तार झाळून जोड द्यावा. चिप बदलण्याची वेळ त्यानंतरची. नवी बॅटरी घालायची झाल्यास साधा लिथियम सेल जुन्या जागी तसाच जोडू नये, कारण बोर्ड त्याला चार्ज करू पाहील आणि तो सेल फुटू शकतो.

मशीनची जागाही बदलावी. ग्राइंडर आणि लेथ चालणाऱ्या शेडमध्ये हवेत लोखंडाची बारीक पूड असते. ती विद्युतवाहक असल्याने ओलसर दिवसांत चिपच्या दोन पायांमध्ये बसून नवे दोष निर्माण करते. बोर्ड मऊ ब्रशने झाडून घ्यावा. कॉम्प्रेसरच्या हवेने ती पूड सॉकेटच्या आत ढकलली जाते.

प्रश्न : माझ्याकडे कॅपकॉम या गेम कंपनीचा सीपीएस-२ बोर्ड आहे. तो सध्या चालतो, पण बॅटरी संपली की तो कायमचा बंद पडतो असे ऐकले. खरे आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : १९९३ पासूनच्या या बोर्डांमध्ये खेळाचा प्रोग्रॅम सांकेतिक स्वरूपात असतो आणि तो उलगडण्याची चावी बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत ठेवलेली असते. बॅटरी संपली की चावी जाते आणि पडदा एकाच रंगाचा कोरा राहतो. त्या स्थितीत पाच व्होल्ट, क्लॉक आणि रॉम सगळे ठीक असूनही काही उपयोग होत नाही. ‘कायमचा’ हा भाग मात्र आता खरा नाही, कारण चावी बोर्डात पुन्हा लिहिण्याची पद्धत २०१६ मध्ये हौशी अभ्यासकांनी जाहीर केली. तरीही बॅटरी जिवंत असतानाच बदलणे केव्हाही सोपे. तेथे ३.६ व्होल्टचीच लिथियम बॅटरी घालावी. बदलताना चावी कपॅसिटरवर थोडाच वेळ टिकते, म्हणून नवी बॅटरी, कथील आणि तापलेले सोल्डरिंग आयर्न अशी सगळी तयारी आधी करून मगच जुनी काढावी.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्या घरातील गेम मशीन पाण्यात होते. तेव्हापासून ते सुरू केलेले नाही. एकदा चालू करून पाहू का?
– एक वाचक, आंबेवाडी, ता. करवीर

उत्तर : कृपया करू नका. पुराचा गाळ वाळल्यावर निरुपद्रवी दिसतो, पण त्यातील क्षार ओलावा धरून ठेवतात आणि चिपखाली गंज चालूच असतो. बोर्ड बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावा, मग अल्कोहोलने धुऊन कोरड्या खोलीत अनेक दिवस वाळवावा. सॉकेटमधील चिप काढूनच हे करावे, कारण गाळ सर्वाधिक तेथेच साचतो. एसएमपीएस आणि मेन्सची सर्व वायरिंग न तपासता टाकून द्यावी. ती वाचवण्यात धोका आहे आणि बचत जवळजवळ नाही. मॉनिटरची चॅसिस धुण्याचा प्रयत्न घरी करू नये, ती अनुभवी टीव्ही मेकॅनिककडे द्यावी. धुतलेला बोर्ड नव्या एसएमपीएसवर जोडण्यापूर्वी पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, हे ओहमवर मोजून घ्यावे, आणि त्यानंतर पहिल्या पत्राच्या उत्तरात दिलेल्या क्रमाने पुढे जावे.