जपानला दोघांनी इंग्रजी शिकवायला जायचंय? आधी दुसऱ्याच्या व्हिसाचं ठरवा

तुम्ही लिहिलंय की दोघंही पुण्याचे आहात, लग्नाला दोन वर्षं झाली, एकाकडे बी.ए. बी.एड. आणि दुसऱ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे. दोघांनाही जपानमध्ये इंग्रजी शिकवायचंय आणि तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं ते हवंय. खरं सांगायचं तर ते आयुष्य कसं असेल हे बरंचसं पुण्यातच ठरतं. कोण कुठल्या व्हिसावर जाणार आणि दोघांच्या कामाच्या वेळा काय असणार, या दोन गोष्टी आधी नक्की करा. घर, पैसा, जेवण सगळं त्यांच्या मागून येतं.

आधी व्हिसा. सरकारी शाळेत सहायक भाषाशिक्षक म्हणजे एएलटी म्हणून जायचं तर 'इन्स्ट्रक्टर' हा निवासाचा दर्जा, म्हणजे व्हिसाचा प्रकार, लागतो. त्याची अट आपल्याकडच्या लोकांना नेमकी अडते: जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर अकरावी-बारावी आणि पदवी मिळूनही १२ वर्षं भरत नाहीत. इंग्रजी माध्यम असेल तर शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि कॉलेज, तिन्हीकडून 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' असं लेटरहेडवर, शिक्क्यासह लिहून घ्या. जुन्या शाळेतून असलं पत्र मिळायला महिना सहज जातो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

खाजगी इंग्रजी क्लासला तिथे एइकाइवा म्हणतात. त्यासाठीचा दर्जा वेगळा, मानव्यविद्या आणि आंतरराष्ट्रीय सेवा या गटातला. भाषा शिकवण्यासाठी तिथे कुठल्याही शाखेची पदवी चालते. त्यामुळे इंजिनिअर असणाऱ्याला हा रस्ता जास्त मोकळा आहे. काही मालक मात्र जाहिरातीतच इंग्रजी मातृभाषा असलेल्या ठरावीक देशांची अट घालतात. तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

एकालाच नोकरी मिळाली तर दुसरा 'काझोकु ताइझाई', म्हणजे कुटुंबीय म्हणून जाऊ शकतो. या दर्जावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. दोन ठिकाणी काम केलं तरी तास मिळूनच मोजतात, आणि मर्यादा ओलांडली तर व्हिसा वाढवताना तेच आडवं येतं. दुसरी रेषा १३ लाख येनची. जोडीदाराचं वर्षाचं उत्पन्न त्याच्या वर गेलं की तो तुमच्या कंपनीच्या विम्यातून बाहेर पडतो आणि त्याला स्वतःचा विमा आणि पेन्शन भरावं लागतं. तासाला १,५०० येनने २८ तास वर्षभर केले तर ही रेषा सहज ओलांडली जाते. म्हणून तासांचा हिशोब आठवड्याचा आणि वर्षाचा, दोन्ही ठेवा. माझं स्पष्ट मत: दोघांनाही शिकवायचंच असेल तर दोघांनी आपापल्या कामाच्या व्हिसावरच जावं, त्यासाठी सहा महिने उशीर झाला तरी चालेल. घरी बसलेला जोडीदार, भाषा येत नाही, ओळखी नाहीत, हेच जोडप्यांना सगळ्यात जड जातं.

कुटुंबीय म्हणून जाताना लग्नाचा दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर लागतं. दाखल्यावर लग्नाआधीचं नाव आणि पासपोर्टवर नंतरचं, असं असेल तर अर्ज अडकतो. आपल्याकडे आडनावच काय, कधीकधी नावही बदलतात. आधी दोन्हीकडे एकच नाव करून घ्या. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर झाइर्यू कार्डावर, म्हणजे निवासी कार्डावर, तेही येतं आणि आडनाव सगळ्यात पुढे जातं. मग बँकेच्या फॉर्मवर तेच सगळं काताकाना लिपीत भरायचं. नुसतं 'कुलकर्णी' तिथे 'कुरुकारुनी' होतं, आणि चौकोन मोजकेच असतात. पहिल्या दिवशी एक लेखन ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि बँक, विमा, फोन सगळीकडे अक्षरशः तेच द्या. एका ठिकाणी एक अक्षर वेगळं पडलं तर पगार खात्यात जमा न होता परत जाऊ शकतो.

आता वेळा. शाळेतला दिवस साधारण सव्वाआठला सुरू होऊन चार-सव्वाचारला संपतो. तास प्राथमिकला ४५ मिनिटांचा, माध्यमिकला ५० मिनिटांचा. सुटी शनिवार-रविवार. एइकाइवाचं गणित उलटं: मुलं शाळा सुटल्यावर आणि मोठी माणसं ऑफिसनंतर येतात, म्हणून काम दुपारी बारा-एकपासून रात्री नऊपर्यंत, आणि सुटी बऱ्याचदा रविवार-सोमवार. एक शाळेत आणि एक एइकाइवात असेल तर सकाळी एक निघतो तेव्हा दुसरा झोपलेला, रात्री दुसरा येतो तेव्हा पहिला पेंगलेला. हातात उरतो तो फक्त रविवार. त्यामुळे करार करताना पगाराच्या आकड्याइतकंच लक्ष सुटीच्या वारावर द्या. शक्य असेल तर दोघांनीही एकाच प्रकारचं काम घ्या.

शाळांना माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांच्या करारात तीन गोष्टी बघा: ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चमध्ये पगार कापला जातो का, शाकाई होकेन म्हणजे कंपनीचा आरोग्यविमा आणि पेन्शन आहे का, आणि पहिला पगार कधी. एप्रिलला रुजू झालात तरी पहिला पगार मेअखेरीस, असं बऱ्याच ठिकाणी असतं. तोवरचे दोन महिने आणि घराचा खर्च मिळून दोघांसाठी पाच-सहा लाख येन सोबत ठेवा.

एवढे कशाला, तर घरासाठी. भाड्याच्या घराला शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे मालकाला दिलेली, परत न मिळणारी रक्कम, एजंटची फी, हमी देणाऱ्या कंपनीची फी आणि पहिल्या महिन्याचं भाडं, असं मिळून चार ते सहा महिन्यांच्या भाड्याइतके पैसे सुरुवातीलाच जातात. यूआर या निमसरकारी संस्थेच्या घरांना रेइकिन, एजंटची फी आणि जामीनदार लागत नाही. मात्र उत्पन्नाची अट बघतात.

आणि घर रिकामं म्हणजे खरंच रिकामं. छताला दिवे नसतात, पडदे नसतात, गॅसची शेगडीही नसते. वीज आणि पाणी अर्ज करून लगेच सुरू होतात, पण गॅस सुरू करायला माणूस घरी येतो आणि तुम्ही हजर असावं लागतं. त्याची वेळ आधीच घ्या, नाहीतर पहिले दोन दिवस गार पाण्याने आंघोळ. सेकंडहँड दुकानातून शेगडी घेताना मागचं लेबल बघा: शहरी पाइप गॅसच्या शेगडीवर '१२ए, १३ए' असं असतं, सिलिंडरवाल्या गॅसचीवर 'एलपी'. चुकीची जोडली तर ज्योत भडकते किंवा गॅस नीट जळत नाही आणि विषारी वायू साचतो. ही चूक कुठल्याही काटकसरीसाठी करू नका.

इथून मिक्सर न्यायचा विचार असेल तर थांबा. तिथे वीज १०० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा मिक्सर त्यावर नुसता गुरगुरतो, वाटण होत नाही. ७५० वॉटच्या मिक्सरला किमान १,५०० वॉटचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जडही आणि महागही. त्यापेक्षा तिथलाच छोटा मिक्सर घ्या. कुकर जरूर न्या, पण घरात इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा, इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा हवा. जादा शिट्टी आणि रिंग विसरू नका.

शाकाहारी असाल तर दाशी हा शब्द पाठ करा. ते माशाचं पाणी मिसो सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात असतं. दुकानातल्या करीच्या वड्यांत बऱ्याचदा गोमांसाची किंवा डुकराची चरबी असते. शाळेतलं दुपारचं जेवण, क्यूशोकु, स्वस्त असतं पण शाकाहारी मिळेलच असं नाही. डबा आणलेला चालेल का, हे मुलाखतीतच विचारा. तूरडाळ, हिंग, पोहे तोक्योत शिन-ओकुबो आणि निशी-कासाईला मिळतात. दुसऱ्या गावी असाल तर ऑनलाइन मागवा. ताजा कढीपत्ता किंवा आंबे बॅगेतून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

औषधांचंही तसंच. डॉक्टरांनी लिहून दिलेली एक महिन्याची आणि साधी दोन महिन्यांची विनापरवाना नेता येतात. त्याहून जास्त असतील तर निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढा. कोडीन आणि स्युडोइफेड्रिन असलेली सर्दी-खोकल्याची औषधं घरीच ठेवा.

पोचल्यावर घर मिळालं की १४ दिवसांत शियाकुशोत म्हणजे नगर कार्यालयात पत्ता नोंदवा. आरोग्यविमा असला की डॉक्टरकडे बिलाच्या ३० टक्के तुम्ही भरायचे. कचऱ्याचं वेळापत्रक नगर कार्यालयातच मागून घ्या, वार चुकला की पिशवी तुमच्या दारासमोरच राहते. बाटलीचं झाकण आणि लेबल काढायचं, बाटली विसळून चेपायची, आणि झाकण-लेबल बाटलीपासून वेगळं टाकायचं.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते दुसऱ्या वर्षी. जूमिनझेई हा रहिवासी कर मागच्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, साधारण १० टक्के, आणि त्याची आकारणी जूनपासून होते. पहिल्या वर्षी तो शून्य असतो, म्हणून हातात जास्त पैसे दिसतात आणि लोक त्याच हिशोबाने ईएमआय ठरवतात. पहिल्या पगारापासून दोघांचेही दरमहा २०,००० येन बाजूला टाका. मध्येच नोकरी सोडून परत निघालात तरी उरलेला कर भरावाच लागतो.

परत आल्यावर पेन्शनमधली काही रक्कम मागता येते, किमान ६ महिने भरलं असेल तर, आणि जपान सोडल्यापासून २ वर्षांच्या आत. जास्तीत जास्त ५ वर्षांचा हिशोब धरतात. अर्जासाठी पेन्शनचा क्रमांक लागतो, तेव्हा ते कागद आल्याच दिवशी एका फायलीत लावा.

जायला अजून वर्ष आहे असं तुम्ही लिहिलंय, तर दोघांनीही जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन५ची, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीची, तयारी आत्ताच सुरू करा. पुण्यात केंद्र आहे, परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. काताकाना तरी निघण्याआधी यायलाच हवी.