ग्रुपवर टाकलं म्हणजे फिटरला कळलं असं नसतं

बाळा,

परवा फोनवर म्हणालास, काका आता सगळं व्हॉट्सॲपवर असतं, कुणाला काही विचारावं लागत नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय.

जुळे सोलापुरातल्या माझ्या साइटवर एकदा आरसीसीवाल्यांनी, म्हणजे स्ट्रक्चरचं डिझाइन करणाऱ्यांनी, बीमचं सुधारलेलं ड्रॉइंग रात्री ग्रुपवर टाकलं, कॉलमजवळच्या रिंगा, म्हणजे सळयांभोवतीची लोखंडी कडी, 150 ऐवजी 100 मिमी अंतरावर, मी बघितलं, अंगठा दाखवला आणि झोपलो. सळया बांधणाऱ्या फिटरकडे मात्र जुनीच प्रिंट, त्यानी त्यावरच पाच बीम बांधले आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी टेप लावला तेव्हा मला कळलं. सगळ्या रिंगा सोडून परत बांधल्या, मजुरी मी भरली, कारण त्याचा काय दोष, त्याच्याकडे बटनाचा फोन होता, ग्रुपमध्ये तो नव्हताच. अजून आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून ड्रॉइंगची नवीन रिव्हिजन, म्हणजे सुधारलेली प्रत, आली की आधी जुनी प्रिंट हातातून काढून घ्यायची, फाडायची, नवीनवर तारीख टाकायची आणि मगच काम. आणि आपल्याकडे एका स्लॅबवर तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी सगळं चालतं, तिथं इंग्रजी मेसेज कोण वाचणार? मुकादमाकडून त्यांच्या भाषेत व्हॉइस मेसेज करून घे, लई उपयोग होतो.

फोन वाईट आहे असं नाही रे. आमच्या वेळी आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, त्याची एकच झेरॉक्स होती ऑफिसात, तीही साहेबाच्या कपाटात. आता बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, वेबसाइटवरून फुकट डाउनलोड होतं. ठेकेदार स्लॅबखालच्या प्लेटा काढायची घाई करायला लागला की उघडून दाखव, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके 7 दिवस, त्याच्या वर 14, आणि हे ओपीसीचं, म्हणजे साध्या सिमेंटचं आहे, पीपीसी, म्हणजे फ्लाय ॲशसारखं काही मिसळलेलं सिमेंट, असेल तर अजून थांबायचं.

अजून एक, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी ऑनलाइन झाली, वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, पण पाट्या उचलणाऱ्या मावशीला हे कोण सांगणार? मग एजंट पैसे घेतो. जेवणाच्या सुट्टीत तूच बस त्यांच्याजवळ, फॉर्म भरून दे, दाखल्यासाठी ठेकेदाराच्या मागे लाग.

सोमवारी स्लॅब आहे ना? मग आज संध्याकाळीच फिटरच्या हातातली प्रिंट बघ आणि मला फोन कर.

तुझा काका